कोरड्या बोअरची अर्थिंग

१

गिटारीतला नको तो आवाज काढणं म्हणजे केसांतल्या उवा काढण्यासारखं काम. एक सापडली की वाटतं झालं, आणि तेवढ्यात दुसरी कानामागून चालत येते. परतूरच्या बुद्धभूषणनं उन्हाळ्याच्या सुटीचे पहिले दिवस याच कामात घातले. शाळेत तो विज्ञान शिकवायचा आणि संध्याकाळी भीमगीतांच्या गायन पार्टीत गिटार वाजवायचा. गिटार जुनी, कुणाची तरी वापरलेली. दिसायला देखणी, पण अँप्लिफायरला जोडली की आधी स्वतःचंच गाऱ्हाणं सांगत बसायची. आणि आता वैशाखी पौर्णिमेच्या आत गाणी घरच्या घरी रेकॉर्ड करायची होती. गाणारी त्याची बायको पायल. तिचा गळा असा स्वच्छ, आणि पाठीमागं ही खरखर, हे काही त्याला सहन होईना.

मास्तर माणूस, त्यामुळे दोष शोधायचा तोही धडा शिकवल्यासारखा. आवाजाचं बटण फिरवलं की खर्रखर्र व्हायचं. बटणाच्या पोटात धूळ साचली होती, फवारा मारून ती काढली. वायर हलली की कडकड व्हायची. वायर बदलली. तरी कडकड गेली नाही म्हणून गिटारीची खोबण उघडली, तर जिथं वायर खोचतात तिथला डाख सुटलेला. तो नव्यानं दिला. खरखर गेली, कडकड गेली. उरली ती एक घूं. एकसुरी, खालच्या पट्टीतली, भिंतीपलीकडं गिरणी चालू असावी तशी.

तिची एक गंमत होती. तारांवर हात ठेवला की घूं गप्प. हात उचलला की पुन्हा सुरू.

"हिला तुमचा लळा लागलाय," पायल म्हणाली. "तान्ह्या लेकरासारखं करून राह्यली. उचलून घेतलं की गप, खाली ठेवलं की रड."

"लळा न्हाई गं. तारांना हात लागला की तो आवाज माझ्या अंगातून जमिनीत उतरतो. त्याला जायला दुसरी वाटच न्हाई." हे बोलता बोलता भूषण थांबला. वळून त्यानं भिंतीवरच्या बोर्डाकडं पाहिलं. बोर्डाला भोकं तीन होती. स्क्रू काढून आत पाहिलं, तर तिसऱ्या भोकाला वायरच नव्हती. नुसतं शोभेला ठेवलेलं.

घराला अर्थिंग, म्हणजे गळती वीज जमिनीत उतरवणारी वायर, नव्हती, आणि ही गोष्ट त्याला एका गिटारीनं सांगितली. तेव्हा त्याला कूलर आठवला. गेल्या उन्हाळ्यात त्या लोखंडी कूलरनं शॉक देऊन त्याची आई, बेबीनंदा, धरून फेकली होती. जीव वाचला, पण डाव्या हाताची दोन बोटं अजून बधिर होती. तेव्हापासून आई कूलरपुढं बसायची नाही. ओला पदर डोक्यावर घेऊन दारात बसायची. बीपी होतं, ऊन बाधत होतं, डॉक्टरनं गारव्यात ठेवा म्हणून बजावलं होतं. पण तिच्यापुढं कूलरचं नाव काढायची सोय नव्हती.

गिटारीची घूं राहिली बाजूला. आता आईचा प्रश्न होता.

२

अर्थिंगला खड्डा लागतो. त्यात मीठ, कोळसा आणि तांब्याची पट्टी. पण ही वसाहत गावाच्या कडेला खडकावर बसलेली. फावडं दोन फूट गेलं की ठण्ण वाजायचं. खड्डा खांदायला आलेला माणूस पहिल्या ठण्णलाच टिकाव खांद्यावर टाकून निघून गेला.

शेजारचे काकासाहेब कुंपणावर हात टेकून ही मजा पाहत होते. आधी शेती करायचे, आता जमीन पोरांकडं आणि काकासाहेब साऱ्या वसाहतीचे बिनपगारी सल्लागार.

"जय भीम सर. कशाला दगडाशी टक्कर घेऊन राह्यले? तुमच्या मागं बोअर है की."

"तो कोरडा आहे काका."

"कोरडा असंना का. केसिंगचा पाईप तर लोखंडाचा है. त्याला वायर बांधा, झाली अर्थिंग. आमच्या शेतातल्या आखाड्यावर बी असंच केल्तं. फक्त रोज मिठाचं पाणी पाजत जा बुडाला. अर्थिंग कोरडी पडली की काम करत न्हाई."

घरामागच्या मोकळ्या जागेत तो बोअर होता. प्लॉटच्या आधीच्या मालकानं मारलेला. खाली खाली जाऊन नुसता फुफाटा निघाला, म्हणून तोंडावर फरशी टाकून सोडून दिलेला. जमिनीच्या वर गुडघ्याएवढा पाईप तेवढा उभा होता. भूषणनं पाईप घासून चकचकीत केला, लोखंडी पट्टीनं त्याला तांब्याची वायर आवळली, आणि ती घरात आणून सगळ्या बोर्डांच्या तिसऱ्या भोकांना जोडली.

गिटार लावली. घूं नाही. हात ठेवला तरी नाही, उचलला तरी नाही.

मग त्यानं कूलर चालू केला, टेस्टर लावून पाहिला, आणि आईच्या डोळ्यांदेखत पत्र्यावर स्वतःचा तळवा ठेवला. आईनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. मग हळूच येऊन कूलरपुढं बसली. केसांतून गार वारं गेलं तसे तिनं डोळे मिटले. ते पाहून भूषणचे डोळे भरून आले. पायलनं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

३

पाणी पाजायचं काम आईनं आपल्याकडं घेतलं. रोज सकाळी तांब्याभर पाण्यात मीठ विरघळून ती बोअरच्या बुडाशी ओतून यायची. "माझ्या कूलरचा नवस है हा," म्हणायची आणि स्वतःच हसायची. त्या घरात नवस, देवऋषी, अंगात येणं यातलं काहीच चालत नव्हतं. भूषण तर शाळेत दरवर्षी पोरांना निखाऱ्यावरून चालून दाखवायचा आणि त्यामागचं विज्ञान समजावायचा. त्यामुळे नवस हा त्यांच्याकडं थट्टेचाच शब्द होता.

मग टँकर यायचे वांधे झाले. प्यायच्या पाण्याची मारामार, तिथं बोअरला कोण पाजतं? आईनं तांब्या ठेवून दिला. चार रोज गेले आणि भूषणला वाटलं होतं तसंच झालं. माती वाळली, अर्थिंग कमजोर पडली, गिटारीत घूं परत आली. आधीच्याइतकी मोठी नव्हती, पण होती. त्यात नवल काही नव्हतं.

नवल दुपारी घडलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. भूषण मागच्या खोलीत एकटा, गिटार खाटेवर, अँप चालू. तो लॅपटॉपवर काहीतरी बघत होता आणि घूं आपली चालली होती. तिची कानाला सवय झालेली. मध्येच त्याला वाटलं, खोलीत काहीतरी बदललं. काय ते लगेच उमगेना.

घूं थांबली होती.

त्यानं वळून पाहिलं. गिटार खाटेवर होती तशीच. जवळ कुणी नाही. तो पाहतच राहिला, आणि काही वेळानं घूं पुन्हा सुरू झाली.

लूज कनेक्शन, तो मनाशी म्हणाला. पण आपल्याच कानांना फसवणं त्याला जमत नव्हतं. लूज कनेक्शन आधी खरखरतं. माती ओली झाली तर आवाज हळूहळू उतरतो. हा आवाज खरखरला नव्हता आणि हळूहळूही उतरला नव्हता. तो जसा गेला तसा जायची एकच तऱ्हा भूषणला ठाऊक होती, आणि ती त्यानं स्वतःच्या तळव्यानं शंभरदा केली होती. कुणीतरी हात ठेवला होता, आणि मग उचलला होता.

४

माणसाला भुताची भीती वाटत नसली की त्याला माणसांचा संशय येतो. भूषणचं तसंच झालं.

पहिला संशय पायलवर. ती स्वयंपाकघरातून तिसऱ्या भोकाच्या वायरीशी काही खटपट करते की काय? त्यानं आडून विचारलं. ती चिडली. "मी काय तुमच्या वायरी चघळत बसले का? तिकडं भाकरी जळून राह्यली माझी." तो तिथंच उभा राहिला, तिचे दोन्ही हात पिठात आहेत हे डोळ्यांनी पाहत. आणि मागच्या खोलीत घूं थांबली. पायलला काही कळलं नाही. भूषणला मात्र बायकोवर संशय घेतल्याची लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली, कारण ती असती तर बरं झालं असतं.

दुसरा संशय काकासाहेबांवर, आणि हा त्याला मनापासून आवडला. बोअर सुचवला कुणी? काकासाहेबांनी. आखाड्यावर हेच लोक आकडा टाकून एक वायर तारेवरून ओढतात आणि दुसरी जमिनीत खुपसतात, झाला दिवा. मग या गृहस्थानं माझ्या केसिंगला आपली वायर गुपचूप जोडली नसेल कशावरून? त्यांची मोटार चालू झाली की माझी घूं बंद. सगळं कसं बराबर बसत होतं.

तो उन्हात कुंपणाच्या कडेनं वाकून वाकून वायर शोधू लागला. काकासाहेब लिंबाखाली बाजेवर पडले होते.

"काय हरवलं सर?"

"काका, खरं सांगा. माझ्या बोअरला तुम्ही काही जोडलंय का? मी काही बोलणार न्हाई. नुसतं सांगा."

काकासाहेब उठून बसले. रागावले नाहीत, हेच भूषणला खटकलं.

"सर, माझ्या घरात सकाळपासून लाइट न्हाई. फेज उडालाय. जोडू काय, कप्पाळ?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "का हो? काय झालं?"

"काही न्हाई."

"पाणी पाजता ना?"

"पाणी कुठून आणू? चार-पाच रोजांत थेंब बी टाकला न्हाई."

"मंग चालतीय कशी तुमची अर्थिंग?" काकासाहेबांनी सहज विचारलं. ते पुन्हा आडवे झाले. भूषण मात्र तिथंच उभा राहिला, कारण हा प्रश्न त्यानं स्वतःला अजून विचारला नव्हता.

५

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यानं ठरवून तपासणी केली. खाटेवर गिटार, अँप चालू. दारात पायल, फोन स्पीकरवर. तिला बजावलं, गिटारीला हात लावायचा नाही, नुसतं ऐकायचं आणि सांगायचं. पुढच्या खोलीत कूलरसमोर आई डुलक्या घेत होती. स्वतः भूषण फोन कानाला लावून बोअरपाशी.

"चालू आहे," पायल म्हणाली. फोनमधून घूं त्यालाही ऐकू येत होती.

त्यानं आजूबाजूला पाहिलं. मोकळी जागा, वाळलेलं गवत, आणि माणूस दिसेल तिथवर कुणी नाही. केसिंगच्या बुडाशी माती चिरफळलेली. तोंडावरची फरशी जागच्या जागी. जोडलेली पट्टी घट्ट. त्याच्या वायरीशिवाय दुसरी वायर नाही.

"थांबली," पायल म्हणाली.

फोनमधली घूं गेली होती. भूषणनं नजर पाईपवरून हलवली नव्हती. पाईपला काहीही लागलं नव्हतं. निदान बाहेरून तरी नाही.

का कुणास ठाऊक, त्यानं पाईपला बोट टेकवलं आणि चटका बसून मागं घेतलं. वैशाखाचं ऊन, लोखंड तव्यासारखं तापलेलं. मग पट्टीच्या खाली टेकवलं, आणि तिथं चटका बसला नाही. तिथं पाईप गार होता. त्यानं बोट वर-खाली फिरवलं. वर चटका, खाली चटका, आणि मध्ये तळहाताएवढ्या रुंदीचा एक पट्टा पाईपभोवती गार. जिथं वायर बांधली होती तिथंच.

कुणीतरी पाईप धरला होता. आतून.

भूषण मागं सरला. पहिल्यांदा त्याच्यातला विज्ञानाचा मास्तर गप्प बसला, आणि त्या भीतीच्या भरात त्यानं जे केलं ते कुणीही केलं असतं. पाना घेऊन त्यानं पट्टीचा नट फिरवला, वायर सोडवली, आणि तिचं उघडं टोक कोरड्या फरशीवर टाकलं. आता घराचा आणि बोअरचा संबंध तुटला होता. आता घूं मोठ्यानं यायला हवी होती, अगदी पहिल्या दिवसासारखी.

"आली?"

"न्हाई."

"नीट ऐक. वायर काढलीय मी. यायलाच पाहिजे."

"न्हाई ना. गप्पच है."

"लाइट गेली का?"

"पंखा फिरून राह्यलाय की."

"अँप बंद पडला असेल. बटण फिरव बरं."

पायलनं अँपचं बटण फिरवलं. फोनमधून सस्स करत हवेसारखा आवाज वाढला आणि कमी झाला. अँप चालू होता.

"पायल, तुझा हात लागलाय तारांना."

"मी दारात आहे हो. तिथून अँप हाताला येतो, गिटार तिकडं खाटेवर." मग ती जरा हळू बोलली. "तुम्ही असं का विचारून राह्यले?"

भूषणनं पुन्हा पाईपला बोट लावलं. चटका. पट्टीच्या जागी लावलं. तिथंही चटका. पाईप वरपासून खालपर्यंत सारखा तापला होता. गार पट्टा कुठंच नव्हता. ज्यानं तो धरला होता, त्यानं सोडला होता. आणि तिकडं खोलीत गिटारीच्या तारा गप्प होत्या.

"आईला घेऊन बाहेर निघ," तो ओरडला. "जल्दी!"

उत्तर आलं ते पायलचं नव्हतं. लांबून, पुढच्या खोलीतून आईची किंकाळी आली. भूषणला कळलं. वायर त्यानं काढली होती, म्हणजे कूलरचीही काढली होती.

त्याच्या हातून पाना दोनदा निसटला. चटके बसत होते, कातडी सोलत होती, पण त्यानं वायर पुन्हा पाईपला लावली आणि पट्टी आवळली. मग तो धावला. आई भिंतीला टेकून बसली होती, हात झटकत. नुसत्या झिणझिण्या आल्या होत्या. ओल्या बोटांनी पत्र्याला शिवली होती, एवढंच.

"तू म्हणला होता ना, आता काही होत न्हाई म्हणून?" आईनं विचारलं. आवाजात राग नव्हता, विश्वास उडाल्याचं दुःख होतं. ते त्याला फार लागलं.

"आता होणार न्हाई आई. मी वायर काढली होती. पुन्हा काढणार न्हाई."

मग तो एकटाच परत बोअरपाशी गेला आणि सूर्य कलेपर्यंत पाईपला बोट लावून बघत राहिला. गार पट्टा काही परत आला नाही. जो होता तो खाली गेला नव्हता.

६

घरात त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. काय सांगणार? पायलनं एकदा विचारलं, तो "वायरिंगचा लोचा" म्हणाला, आणि ती त्याच्याकडं अशी बघत राहिली की तिला सगळं कळलंय की काय असं त्याला वाटलं. त्यानंतर ती मागच्या खोलीत एकटी जाईनाशी झाली. जाताना काहीतरी गुणगुणत जायची, आणि गिटारीकडं पाठ करायची नाही.

वायर काढावी तर आईचा जीव. ठेवावी तर ही वाट उघडी. गिटार विकून टाकावी असंही त्याच्या मनात आलं. पण गिटार विकल्यानं तो हात जाणार नव्हता. तो कधी कुठं आहे, हे कळायचं तेवढं बंद झालं असतं. म्हणून भूषणनं अँप दिवसभर चालूच ठेवला. घूं ऐकू येत असली की त्याला भीती वाटायची, हात तारांवर नाही, मग कुठं आहे? आणि घूं थांबली की वाटायचं, निदान इथं तरी आहे.

रेकॉर्डिंगचा दिवस आला. पायलचा गळा आधीच टिपून ठेवला होता. गिटार थेट वायरीतून लॅपटॉपमध्ये जायची, त्यामुळं बाहेर गोंगाट असला तरी बिघडत नव्हतं. आई हट्ट करून आली. उकाडा सोसेना म्हणून तिचा कूलर दारात सरकवला. ती त्याच्या शेजारी पाटावर बसली. त्या दिवसाची भीती जाऊन आता तिला पुन्हा धीर आला होता. बधिर बोटांचा हात तिनं मुद्दाम पत्र्यावर टेकवला.

"बघ भूषण, झिणझिणी बी न्हाई. बिलकुल न्हाई."

"हात काढ आई."

"का? तूच म्हणला ना, वायर है म्हणून. मी ताल धरते. वाजव तू."

भूषणनं आणि पायलनं हेडफोन लावले. कानात घूं होती. पायलनं बोट उंचावून खूण केली. त्यानं गिटार मांडीवर घेतली, तारांना कुठं स्पर्श होऊ न देता. त्यानं डावा हात उचलला, आणि तो तारांपासून वीतभर लांब असतानाच घूं गेली.

आई हसत होती. दोघी त्याच्याकडं बघत होत्या. त्यानं बोटं खाली टेकवली.

तारा आधीच दबलेल्या होत्या. आता वाजवायच्या गाण्याच्या पहिल्या सुराच्या घरात, ज्या त्या तारेला ज्या त्या जागी. त्याच्या बोटांना दाबायला काही उरलंच नव्हतं. लाकूड आणि त्याची बोटं यांच्यामध्ये काहीतरी गार, ओलसर होतं, आणि त्याची बोटं त्यावर टेकली होती.

त्यानं उजवा हात फिरवला. सूर निघाला, इतका स्वच्छ की पायलनं चमकून वर पाहिलं. खरखर नाही, कडकड नाही, घूं नाही. डाव्या हाताखाली ती बोटं सरकली, पुढच्या सुराला गेली, आणि भूषणची बोटं त्यांच्या मागोमाग गेली. तो हात तारांवर होता. म्हणजे तो दुसरीकडं कुठं नव्हता. आईचे कूलरच्या पाण्यानं ओले झालेले तळवे पत्र्यावर ताल धरत होते.

गाणं संपलं. पायलनं लॅपटॉप बंद केला आणि हातानं खूण केली, झालं, थांबा. भूषण थांबला नाही; तो हात तारांवरून सुटला तर त्याच वायरीनं कूलरच्या पत्र्याला, आईपाशी जाणार होता. आईकडं बघत तो वाजवत राहिला, आणि "आई, हात काढ, तुझ्या पाया पडतो, हात काढ" असं पुन्हा पुन्हा पुटपुटत राहिला. आई कौतुकानं मान डोलवत होती. कूलरच्या घरघरीत तिला काही ऐकू येत नव्हतं.